पुन्हाचं बटण

ठकीचे वडील ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे आणि ठकीला गाडी चालवता येत नव्हती. लोक हसायचे, दिव्याखाली अंधार म्हणायचे. बाबांना त्याचं काही नव्हतं. नियमात अठरा वर्षं म्हणजे अठरा वर्षं. शेजारच्या वकिलाचा मुलगा सतराव्या वर्षी शिकायला आला तेव्हा त्याला त्यांनी परत पाठवला होता, मग पोटच्या पोरीला कोणत्या तोंडाने शिकवणार?

मग ठकीने घरात बसूनच गाडी चालवायला सुरुवात केली. टेबलाच्या कडेला आवळलेलं स्टिअरिंग, समोर पडदा, पायाशी पेडलं. पेडलं फरशीवर सरकायची, म्हणून ती आईच्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांना टेकवलेली असायची. आई त्याच खोलीत लोकांचे कपडे उसवून, आखडून, सैल करून द्यायची. ठकीने जोरात ब्रेक मारला की मशीन बोटभर सरकायचं आणि कुणाच्या तरी पँटची शिवण वाकडी जायची. त्या गल्लीतली बरीच पुरुष मंडळी वाकड्या पँटी घालून हिंडत होती, आणि याला कुठल्याशा दूरच्या ट्रॅकवरचं एक अवघड वळण कारणीभूत आहे याचा त्यांना पत्ता नव्हता.

त्या स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याखाली एक बटण होतं. गाडी धडकली, उलटली, शेवटच्या नंबरावर गेली, काहीही झालं तरी ते दाबायचं. की गाडी कोरी करकरीत होऊन सुरुवातीच्या रेषेवर उभी. ठकी त्याला 'पुन्हा' म्हणायची. अंगठ्याला त्याची इतकी सवय झाली होती की तो आताशा ठकीला विचारतही नसे. चहा सांडला की अंगठा हलायचा. परीक्षेत गणित चुकलं की पेनावर दाबला जायचा. एकदा आईशी भांडण झालं तेव्हा आईच्या दंडावर दाबला गेला होता, आणि ते भांडण मात्र खरोखरच पहिल्यापासून सुरू झालं.

खोड काही एकट्या ठकीला नव्हती. बाबांच्या शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक होता. शिकणारा घाबरला की बाबा तो दाबायचे. इतकी वर्षं ते काम केल्यावर बाबांचा उजवा पाय स्वतंत्र झाला होता. सोफ्यावर बसून बातम्या बघताना बातम्या वाचणारी बाई अडखळली तरी त्यांचा पाय फरशी दाबायचा. उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या कितीतरी आधी झिजायचा.

"तुम्हाला एकेक बूट विकत देणारं दुकान शोधलं पाहिजे," आई म्हणायची. "जित्याची खोड आहे ती. आणि पोरीनेही तीच उचलली, फक्त पायाऐवजी अंगठ्यात."

मग ती स्पर्धा आली. खऱ्या गाड्या पळवणाऱ्या एका टीमने पडद्यावरच्या शर्यती ठेवल्या होत्या, आणि जिंकणाऱ्याला ज्युनिअर गटात एक सीझन खरी गाडी चालवायला मिळणार होती. ठकी जिंकली. टीमचा मॅनेजर स्वतः घरी आला. टक्कल, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरज नसावी.

बाबांनी पहिलाच प्रश्न केला, "लायसनचं काय?"

"शर्यतीचं लायसन सोळाव्या वर्षी मिळतं. रस्त्याचं वेगळं."

"कुठल्या नियमात?"

मॅनेजरने नियम दाखवला. बाबांनी चष्मा लावून तो वाचला, पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं. कुठेच फट सापडली नाही. "नियम आहे म्हटल्यावर मी कोण," ते म्हणाले, आणि त्यांचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला. अशा तऱ्हेने ज्या मुलीला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गाडी न्यायची बंदी होती, तिला तासाला दोनशे किलोमीटरची परवानगी मिळाली.

पहिल्या दिवशी ट्रॅकवर तिची गाठ मिस्त्रीशी पडली. गाड्यांवर वाकून वाकून पाठीला पोक आलेला, बोलायला काटकसरी माणूस. त्याने तिला गाडीत बसवलं, पट्टे असे आवळले की श्वास घ्यायचा तर परवानगी मागावी लागेल. ठकीने स्टिअरिंग फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हे फार जड जातंय. सेटिंग कुठे असतं?"

"दंडात," मिस्त्री म्हणाला.

पडद्यावरची गाडी क्लचशिवाय सुटायची. ही क्लचवर सुटत होती. ठकीने क्लच सोडला आणि गाडी एक उडी मारून बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी, पुन्हा बंद. बाकीच्या टीमची माणसं हातातली कामं टाकून बघायला लागली. मॅनेजर जवळ आला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "तुझे वडील काय करतात म्हणालीस?"

शेवटी चार जणांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. ट्रॅक ठकीला तोंडपाठ होता. कुठलं वळण कुठे, कुठे ब्रेक, कुठे नाही, झोपेतून उठवून विचारावं. पण पडद्यावरचा चढ डोळ्यांना दिसायचा, इथला पोटाला लागत होता. मान हेल्मेटच्या वजनाने एकीकडे जात होती, पाठीमागे इंजिन बोंबलत होतं, आणि रस्ता खरोखरचा, खडबडीत, दात वाजवणारा होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांच्या कळपात सोडावं तसं तिचं झालं. चौथ्या वळणावर मागची चाकं सुटली, गाडी स्वतःभोवती गिरकी घेऊन उलट्या तोंडाने गवतात जाऊन थांबली.

अंगठ्याने आपलं काम केलं.

ठकी वाट बघत बसली. सुरुवातीची रेषा काही आली नाही. समोर गवत होतं, गवतावर एक पक्षी होता, आणि तो तिच्याकडे बघत होता. मग तिने भानावर येऊन गाडी वळवली, पण गाडी सायकलच्या वेगाच्या वर जाईना. तशीच सरपटत सरपटत ती परत आली.

"बिघडली," ती म्हणाली.

मिस्त्रीने स्टिअरिंगकडे पाहिलं. डाव्या अंगठ्याखालचं बटण लाल पेटलेलं होतं. "पिटच्या गल्लीत, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे, माणसं पायी फिरत असतात," तो म्हणाला. "तिथे कुणी चिरडू नये म्हणून हे बटण आहे. दाबलं की गाडी रांगते. तू गवतात कुणाला वाचवत होतीस?"

इथून तिच्या सीझनची रडकथा सुरू झाली. ठकी वेगात कमी नव्हती. चूक होईपर्यंत ती भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणायची. पण शर्यतीत चूक कुणाची होत नाही? जरा चाक घसरलं, जरा कुणी आडवं आलं, की अंगठा दाबला जायचा, गाडी रांगायला लागायची, आणि मागचे सगळे भर्रकन पुढे. भानावर येऊन बटण सोडवेपर्यंत तिच्या मागे फक्त रुग्णवाहिका उरलेली असायची. टीमच्या लोकांनी तिचं नाव 'पुन्हा' पाडलं. "पुन्हा आली का?" "नाही, पुन्हा रांगतेय," असं चालायचं.

तिने घरच्या स्टिअरिंगवरचं ते बटण खरवडून काढलं. अंगठा रिकाम्या जागी दाबत राहिला. मिस्त्रीने खऱ्या बटणावर बाटलीचं झाकण चिकटवलं, तर पंचांनी ते शर्यतीआधी काढायला लावलं. सगळ्यांच्या गाड्या सारख्या हव्यात, झाकणासकट किंवा झाकणाशिवाय. बाबांनी पंचांची बाजू घेतली. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, आणि ठकी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

बाबा प्रत्येक शर्यतीला प्रेक्षकांत बसायचे, आणि प्रत्येक वळणाला ब्रेक दाबायचे. पुढच्या बाकावरचा माणूस पहिल्या शर्यतीत नम्रपणे म्हणाला, "अहो, माझ्या पाठीत पाय लागतोय." दुसऱ्या शर्यतीत तो नम्रपणे म्हणाला नाही. एका शर्यतीत ठकीची गाडी कठड्याला घासली तेव्हा बाबांनी असा ब्रेक मारला की पायाखालची फळी मोडून पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. दोघांनी ओढून काढला. बूट खालीच राहिला. त्या दिवसापासून त्यांना प्रेक्षकांत बसायची बंदी झाली. बंदीही नियमानेच झाली होती, त्यामुळे ते काही बोलू शकले नाहीत.

शेवटची शर्यत जवळ आली तेव्हा मॅनेजरने ठकीला बोलावलं. कॉम्प्युटरवर तिच्या आधीच्या शर्यतीची रेघ होती आणि बटण दाबलेल्या प्रत्येक जागी एक लाल टिंब. रेघेला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

"मला हळू जाणारी चालेल," तो म्हणाला. "हळू जाणाऱ्याला शिकवता येतं. थांबणारी नको. शेवटच्या शर्यतीत एकही लाल टिंब दिसलं नाही तर पुढच्या वर्षी गाडी तुझी. दिसलं तर दुसऱ्या कुणाला तरी देतो. कितवी आलीस ते मी बघणारसुद्धा नाही."

ठकीने घरी येऊन हातमोजे आईच्या मशीनवर टाकले. डाव्या मोज्याचा अंगठा झिजून भोक पडलं होतं. आईने भोकातून बोट बाहेर काढून पाहिलं, मग दाराशी पडलेल्या बाबांच्या नव्या बुटांकडे पाहिलं. उजवा उलटा पडला होता. त्यालाही भोक होतं.

"गाडी जाणार माझी," ठकी म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. इतकी वर्षं त्या खोलीत वळणं घेत बसली होती ती याच एका गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट तिच्याच अंगठ्यामुळे हातची जात होती. दुसऱ्या कुणाचा राग धरावा तर तेही शक्य नव्हतं.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "तुला नक्की काय होतं?" त्यांनी विचारलं. "चुकल्यावर."

ठकीने नाक पुसत विचार केला. "वाटतं, ही फेरी गेली. आता पहिल्यापासून."

"हं. माझ्याकडे सगळे असेच येतात," बाबा म्हणाले. "सिग्नलला गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, की माणूस किल्ली काढून मला म्हणतो, आज राहू दे, उद्या पहिल्यापासून करू. कशाचं पहिल्यापासून? रस्त्याच्या मध्ये उभा असतोस बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेले. मैदान एका गिऱ्हाइकाचं खाजगी होतं. तिथे अठरा वर्षांचा नियम लागत नाही हे बाबांनी आधी तीन ठिकाणी विचारून घेतलं होतं. स्कूलच्या दोन्ही गाड्या आणल्या होत्या. एकीत ठकी चालवायला आणि बाबा शेजारी. दुसरी तिच्या अगदी मागे लावली आणि तिच्यात आईला बसवलं.

"मला गाडी येत नाही," आई म्हणाली.

"चालवायची नाहीच. तिची गाडी बंद पडली की हॉर्न वाजवायचा."

"किती?"

"मागे उभं राहिलेल्या माणसाला किती घाई असते? तेवढा."

आयुष्यभर लोकांच्या घाईचे कपडे शिवलेल्या बाईला हे सांगायची गरज नव्हती. ठकीने गाडी सुरू केली, बाबांनी मुद्दाम ब्रेक दाबून ती बंद पाडली, आणि मागून आईने असा हॉर्न लावला की मैदानातली कुत्री उठून निघून गेली. ठकीचा अंगठा दाबला गेला.

"आता काय?" बाबांनी विचारलं.

"पुन्हा पहिल्यापासून."

"पहिल्यापासून नाही. इथून. क्लच. पहिला गिअर. आरसा बघ. चल."

गाडी पाच हात गेली. बाबांनी ब्रेक दाबला. हॉर्न. "कुठून?" "इथून." क्लच, पहिला गिअर, आरसा. पाच हात. ब्रेक. हॉर्न. दुपारपर्यंत हेच चाललं. मधे आई एकदा उतरून आली, ठकीला वाटलं पाणी घेऊन आली असेल. ती म्हणाली, "अगं, किती वेळ लावतेस, मला कामं आहेत," आणि परत जाऊन हॉर्नवर बसली. तिला ते काम फारच आवडलं होतं. घरी जाताना ठकीच्या कानात पीं पीं चालू होतं आणि अंगठा अजून वळवळत होता. पण आता तो दाबण्याआधी क्षणभर घुटमळत होता.

शेवटच्या शर्यतीला बाबांना बसायला जागाच नव्हती. मॅनेजरने कीव येऊन त्यांना पिटच्या भिंतीशी स्वतःच्या शेजारी उभं केलं. "काही धरायचं नाही, काही बोलायचं नाही," त्याने बजावलं. बाबांनी मान हलवली आणि हात मागे बांधले. पायाचं मात्र कुणीच काही बोललं नव्हतं. भिंत सिमेंटची होती, तेवढं बरं.

ठकीची सुरुवात झकास झाली. दोघांना मागे टाकलं, तिसऱ्याच्या शेपटाला लागली. आणि नेमक्या त्याच चौथ्या वळणावर, पहिल्या दिवसाच्या त्याच जागी, मागची चाकं सुटली. गिरकी. गवत. इंजिन बंद. सगळ्या गाड्या सूं सूं करत निघून गेल्या आणि एकदम शांत झालं. हेल्मेटच्या आत तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. संपलं, तिच्या मनात आलं. ही फेरी गेली, वर्ष गेलं, गाडी गेली. अंगठा बटणाकडे निघाला.

पिटच्या भिंतीशी मॅनेजर ठकीच्या हेल्मेटमध्ये ऐकू जाणाऱ्या माइकमध्ये ओरडला, "दाबू नको! दाबू नको! दाबू नको!" हे ओरडून आजवर कधीच उपयोग झाला नव्हता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग नियमाने चालणाऱ्या त्या माणसाने मागे बांधलेले हात सोडले, मॅनेजरच्या हातातून माइक हिसकावला, तोंडाजवळ धरला, आणि गाल फुगवून, डोळे मिटून, जीव तोडून हॉर्न वाजवला.

"पीं पीं पीं! पीं पीं! पीं पीं पीं पीं!"

मॅनेजर बघतच राहिला. "हे काय करताय?"

"हॉर्न," मिस्त्री म्हणाला.

गवतात ठकीला हसू फुटलं. इतकं, की हेल्मेटची काच आतून धुरकट झाली. अंगठा बटणावर टेकलेला होता. तो तिने उचलला. "इथून," ती मोठ्याने म्हणाली. क्लच, पहिला गिअर, आरसा. गाडी एक उडी मारून सुटली.

ती शेवटून सुरू झाली आणि अकराव्या नंबरावर आली. कुणी टाळ्या वाजवाव्यात असा तो नंबर नव्हता. गाडीतून उतरून ती धावत कॉम्प्युटरपाशी गेली, तेव्हा मॅनेजर, मिस्त्री आणि बाबा तिघंही पडद्यात डोकं घालून उभे होते. रेघ स्वच्छ होती. अगदी शेवटी मात्र एक लाल टिंब होतं.

बाबांचा पाय दाबला गेला.

मिस्त्रीने पडद्यावर बोट ठेवलं. "ही शर्यत संपल्यानंतरची जागा आहे," तो म्हणाला. "पिटची गल्ली. इथे दाबायचंच असतं." सबंध सीझनमध्ये पहिल्यांदाच तिने ते बटण जिथे दाबायचं तिथे दाबलं होतं.

मॅनेजरने बराच वेळ टक्कल खाजवलं. "पुढच्या वर्षी गाडी तुझी," तो म्हणाला. मग बाबांकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "आणि तुम्ही. माझा माइक पुन्हा हिसकावायचा नाही. तुम्हाला वेगळा देतो."

घरी जाताना बाबा शिकवणीची गाडी चालवत होते, नेहमीसारखी अगदी कडेने, सगळ्या रिक्षांना पुढे जाऊ देत. ठकी शेजारच्या सीटवर बसली होती, शिकवणाऱ्याच्या जागेवर. तिने वळून पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि चष्म्याच्या आतून काही दिसत असेल असं वाटत नव्हतं. पुढे सिग्नल लाल झाला होता. त्यांच्या पुढचा टेम्पो थांबला. बाबा थांबले नाहीत.

ठकीच्या पायाखाली तो दुसरा ब्रेक होता. तिने तो दाबला. गाडी टेम्पोपासून हातभर अंतरावर धक्का खाऊन थांबली आणि बंद पडली. सिग्नल हिरवा झाला, टेम्पो गेला, आणि मागून हॉर्न सुरू झाले, एक, दोन, मग सगळेच. आयुष्यात कधी भर रस्त्यात गाडी बंद पडू न दिलेले बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नुसते समोर बघत बसले.

ठकीने पाय ब्रेकवरून काढला.

"काही झालं नाही, बाबा," ती म्हणाली. "क्लच. पहिला गिअर. आरसा बघा. इथून."